बायपासखालचा विसावा

साहेब, कात्री तुमच्याकडे होती, फीत तुमच्याकडे होती, नारळही तुमच्याकडेच होता. नव्हती ती फक्त सवड. त्या सवडीसाठी बांधून तयार असलेला रस्ता तुम्ही कुलपात ठेवलात. त्या कुलपाबद्दल मी बोलणार आहे आणि खाली सहीसुद्धा करणार आहे. दिगंबर काळोखे, पंक्चरवाला, बोरटाकळी. तुमचं नाव मी लिहीत नाही. ते इतक्या फ्लेक्सवर आहे, की इथं आणखी एक जागा त्याला कशाला द्यायची?

त्या सकाळी आई चुलीपुढं बसली होती. घरात गॅस असला तरी अंघोळीचं पाणी तिला चुलीवरचंच लागायचं. मी दुकान उघडायला निघालो, तेवढ्यात माझ्या बायकोनं, शकूनं, मागून हाक मारली. शब्द काय होते ते आठवत नाही. हाकेवरूनच कळलं.

आई भिंतीला टेकली होती. घामानं चोळी भिजलेली, आणि डावा हात उजव्या हातानं दाबून धरलेला.

"काय नाय रे, पित्त झालंय," ती म्हणाली. "रातची वांगी बाधली."

"पित्तानं हात दुखतो का आत्या?" शकू म्हणाली. "अहो, बघत काय बसलाय? गाडी बघा."

एकशेआठला फोन लावला. ॲम्ब्युलन्सवाला भला माणूस होता. म्हणाला, "दादा, निघालोय मी, पण फाट्यावर अडकलोय. पुढं ट्रक, मागं ट्रक. खोटी आशा नाही देत. तुमच्याकडं काही असंल तर त्यातनं आणा."

आता आमचं गाव कसं आहे ते सांगतो, नाहीतर कळायचं नाही. शहरात गर्दी नको म्हणून शहराला वळसा घालणारा बायपास काढला. शहराची गर्दी गेली नाहीच, पण वळसा आमच्या गावाच्या मधोमध आला. उंच भराव घातला आणि गावाचे दोन तुकडे झाले. अलीकडं घरं, शाळा, माझं दुकान. पलीकडं रानं, नदी, स्मशान, आणि हल्लीच झालेला पाच मजली दवाखाना. आमच्या गच्चीवरून त्या दवाखान्याच्या नावाची हिरवी अक्षरं वाचता येतात. चालत ओलांडताना माणसं मेली तेव्हा वर दोन्ही कडांना आणि मधे जाळ्या ठोकल्या. मग भरावाखालून भुयारी रस्ता केला. चांगला केला, खोटं कशाला बोलू? दिवे लावले, भिंतींवर वारली चित्रं काढली, नाचणारी माणसं, बैलगाडी, सगळं. आणि दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून, त्यातल्या दारांना साखळ्या घालून कुलपं लावली. कारण उद्घाटन व्हायचं होतं. तारीख ठरायची, मंडप पडायचा, साहेबांना ऐनवेळी दुसरीकडं जावं लागायचं, मंडप निघायचा. पुन्हा तारीख, पुन्हा मंडप.

तोवर आम्ही पलीकडं जायचं कसं? सर्व्हिस रोडनं वर चढायचं, फाट्यापर्यंत जायचं, तिथं वळायचं आणि पलीकडच्या अंगानं तेवढंच परत यायचं. रस्ता मोकळा असेल तर दहा मिनिटांचं काम. रस्ता मोकळा मी शेवटचा लॉकडाउनमध्ये पाहिला.

शेजारच्या रज्जाकनं त्याचा छोटा हत्ती टेम्पो दारात लावला. हौद्यातली भाजीची पानं त्यानं हातानंच झाडली आणि वर गादी अंथरली. आईला उचलून ठेवलं तर ती म्हणते, "रज्जाक, कोथिंबिरीचा वास येतोय रे. मला बाजारात न्यायला निघालास का?"

"चाची, तुला कोण घेणार?" रज्जाक म्हणाला. "भाव किती सांगशील तू!"

ती हसली. हसताना कळ आली आणि तोंड वाकडं झालं.

रज्जाकनं गाडी वर न चढवता सरळ भुयारी रस्त्याच्या तोंडाशी नेली. तिथं सिमेंटचे ठोकळे आडवे टाकलेले होते. गाडी जाणार नव्हती, पण ठोकळ्यांमधून माणूस जाऊ शकत होता. पलीकडं निघालं की दवाखान्याचं फाटक. आईला गादीसकट उचलून धावत गेलो असतो तर पोराटोरांची शर्यत व्हावी एवढाच पल्ला.

दाराशी सोनटक्के उभा होता. ठेकेदाराचा सुपरवायझर, परभणीकडचा, आमच्याच आळीत खोली घेऊन राहायचा. आईला मावशी म्हणायचा. तिच्या हातच्या भाकरीला त्यानं कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"सोनटक्के, दार उघड," मी म्हटलं. "आईच्या छातीत दुखतंय. गादीसकट उचलून नेतो, गाडी नको."

त्यानं हौद्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी?"

"मावशीच. उघड."

"दादा, माझ्या हातात काही नाही हो. उद्या अकराला कार्यक्रम आहे. आत गालिचा टाकलाय, फुलं लावलीत. मागच्या खेपेला पोरांनी मोटारसायकली घातल्या तर साहेबांनी मला सगळ्यांसमोर आईवरून शिव्या दिल्या."

"इथं माझी आई मरायला लागलीय!"

"कळतंय हो मला. पण किल्ली माझ्याकडं नाही. किल्ली साहेबांकडं आहे."

"मग फोन लाव."

त्यानं फोन कानाला लावला. पाठ वळवली. जरा लांब गेला. परत आला आणि म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. पाच मिनिटं थांबा म्हणालेत."

आई हौद्यातून म्हणाली, "दिगू, त्याला कशाला त्रास देतोस? नोकरीचं माणूस ते. सोनटक्के, जेवलास का रं सकाळी?"

तो खाली बघत राहिला.

आम्ही थांबलो. ती पाच मिनिटं कुणाच्या घड्याळातली होती कोण जाणे. शेवटी रज्जाकनंच स्टेअरिंगवर हात आपटला. "दिग्या, हे काय उघडत नाय. वरनं जाऊ."

वर गेलो.

बायपासवरची गर्दी तुम्ही काचेआडून पाहता, साहेब, तुमच्या पुढं भोंगा वाजत असतो. आम्ही ती नाकातोंडातून पाहिली. मुंबईकडून येणारे, साताऱ्याकडं जाणारे, शहरातून पळणारे, शहरात घुसणारे, सगळे एकाच नरड्यात कोंबलेले. ट्रकांचा धूर, तापलेल्या ब्रेकचा करपट वास, आणि कडेला जाळीपाशी ओळीनं मुतणारी माणसं. पुढच्या बसच्या खिडकीतून कुणीतरी गुटख्याची पिचकारी टाकली, ती आमच्या टपावर पडली आणि ओघळत हौद्याच्या कडेपर्यंत आली. शकूनं पदरानं ती पुसली. आईच्या अंगावर पडू नये म्हणून.

मी खाली उतरून पुढं धावलो. गाडीगाडीच्या काचेवर थापा मारल्या. "मागं पेशंट आहे, जरा कडेला घ्या!"

एकानं काच थोडी खाली केली. "घेऊ कुठं? डोक्यावर?"

दुसरा म्हणाला, "ॲम्ब्युलन्स आहे का? मग? भाजीच्या टेम्पोत कसला पेशंट?"

"येऊन बघा ना तुम्ही!"

"हे असं सांगून बरेच जण पुढं घुसतात," असं म्हणून त्यानं काच वर केली. आतून गाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

एक पाण्याच्या बाटल्या विकणारी बाई मात्र टोपली खाली ठेवून माझ्याबरोबर ओरडायला लागली. "सरका की ओ! तुमास्नी आया न्हाईत का?" दोन गाड्या इंचभर हलल्या. तेवढ्या फटीत लगेच एक मोटारसायकलवाला घुसला.

परत आलो तर आई डोळे उघडे ठेवून भरावाच्या खाली बघत होती. तिथून दवाखाना अगदी समोर दिसत होता. पायऱ्यांवर एक वॉर्डबॉय चहा पीत उभा होता, तोही दिसत होता.

"दिगू," ती म्हणाली, "तो बघ दवाखाना. हाक मारली तर ऐकू जाईल नाय?"

"आता पोचतोच आई."

"मला उतरीव. मी जाते चालत."

"जाळी आहे गं मधे."

"जाळी कशाला लावली?"

"माणसं मरू नयेत म्हणून."

तिला ते पटलं की काय कोण जाणे. तिनं मान हलवली. शकूच्या मांडीवर तिचं डोकं होतं. शकू तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. मग फिरवता फिरवता तिचा हात थांबला, आणि ती माझ्याकडं न बघता रज्जाकला म्हणाली, "भाऊजी, आता हॉर्न वाजवू नका."

तरीही आम्ही फाट्यावरून वळून दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाहेर आले, टेम्पोतच नळी लावून बघितलं. तरुण होते. म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

 मी त्या हिरव्या अक्षरांकडं बघितलं. रोज सकाळी गच्चीवरून वाचायचो.

मग आईला घरी न्यायला पुन्हा तोच वळसा. ह्या खेपेला कुणाच्या काचेवर थाप मारली नाही.

ऊन कलल्यावर तिरडी बांधली. आमच्या गावात बायपास झाल्यापासून मयत टेम्पोत घालून फाट्यावरून नेतात. रज्जाक गाडी धुऊन उभा होता. पण माझे चुलते सोपाननाना उठले. वय झालेलं, कमरेत वाकलेले, पण आवाज तसाच.

"टेम्पो नको," नाना म्हणाले. "वहिनीला पुन्हा त्या गाड्यांत मी नेऊ देणार नाय. खालनं जाऊ."

"नाना, खालनं कुलूप हाय," कुणीतरी म्हणालं.

"तर कुलपापाशी उभं राहू. मयत घरातनं निघालं की मागं फिरत नसतं. ते दारात बसलं तर बसलं. बघू कुणाची छाती होते."

मी मडकं घेतलं. दोरीला लटकवलेलं, आत विस्तव. मडकं धरणारा सगळ्यांच्या पुढं चालतो, मागं बघत नाही आणि मडकं स्मशानापर्यंत खाली ठेवत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वडलांच्या वेळी करून माहीत होतं.

पत्र्याच्या दाराशी पोचलो. सोनटक्के तिथंच होता. त्यानं तिरडी पाहिली, टोपी काढली आणि बाजूला झाला. मला वाटलं, आता तो हात जोडून सांगेल की किल्ली साहेबांकडं आहे, आणि मग नाना त्याला जे बोलतील ते बोलतील.

त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला.

किल्ली काढली. कुलपाला लावली. एका झटक्यात उघडलं. तेल घातलेलं कुलूप होतं, अडलंसुद्धा नाही. साखळी त्यानं अलगद खाली सोडली, आवाज होऊ नये म्हणून. दार पूर्ण उघडून धरलं आणि मान खाली घालून हात जोडले.

"या," तो म्हणाला. "मयताला अडवायचं पाप कोण घेणार?"

माझ्या हातात मडकं होतं. एवढंच सांगतो. मडकं नसतं तर त्या दिवशी दुसरं मयत झालं असतं. दोरी माझ्या बोटांत रुतली होती, विस्तवाची धग गुडघ्याला लागत होती आणि मी त्याच्या खिशाकडं बघत होतो. त्या खिशाला सकाळी पेन अडकवलेलं होतं. पेनाच्या मागंच किल्ली होती. मी हातभर अंतरावर उभा होतो आणि माझी आई त्याला जेवलास का विचारत होती.

"चल दिगू," मागून नाना म्हणाले. "थांबू नको. पुढं बघ."

मी पुढं बघितलं. आत थंडगार होतं. लाल गालिचा, झेंडूच्या माळा, भिंतीवरची नाचणारी माणसं. वर बायपासवरच्या गाड्यांची घरघर छपरातून खाली येत होती. सकाळी आई त्याच घरघरीत होती, आमच्या डोक्यावर, तेवढ्याच उंचीवर.

मधोमध आल्यावर नाना ओरडले, "टेकवा! विसावा!"

"नाना, इथं?" खांदेकऱ्यांपैकी एक जण दबकत म्हणाला. समोर भिंतीत उद्घाटनाची कोनशिला होती, तिच्यावर मखमली पडदा सोडलेला.

"मग कुठं? विसाव्याचा दगड इथंच होता. माझा बाप इथं टेकवला, आजा इथं टेकवला. ह्यांनी वर भराव घातला म्हणून जागा थोडीच बदलती?"

आमच्याकडं घर आणि स्मशान यांच्या मधे मयत एकदा खाली ठेवतात. खांदेकरी बदलतात, पुढचे मागं, मागचे पुढं. तिथं एक दगड ठेवतात. नानांनी दगड शोधला. तिथं दगड नव्हताच, सगळं गुळगुळीत. कुंडीतला एक पांढरा खडा त्यांनी उचलला आणि आईच्या उशाशी, लाल गालिच्यावर ठेवला.

आई तुमच्या गालिच्यावर टेकली, साहेब. पडद्याच्या बरोब्बर खाली. मी मागं बघत नव्हतो, पण शकूनं नंतर सांगितलं, झेंडूच्या माळेचं एक फूल तुटून तिच्या पायाशी पडलं होतं.

दुसऱ्या तोंडाचं दारही सोनटक्केनंच उघडलं. आम्ही बाहेर पडलो, आणि मागं मला साखळीचा आवाज ऐकू आला. मागं बघायचं नव्हतं. पण आवाज ओळखता येतो. त्यानं कुलूप पुन्हा लावलं होतं.

आईला अग्नी देऊन लोक परतले ते रज्जाकनं मागाहून फिरवून आणलेल्या गाडीतून, बायपासवरून, फाट्याला वळसा घालून.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. भोंगे वाजवत, उलट्या बाजूनं, सगळ्या गाड्या थांबवून. तुमच्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं आत जाऊन पाहिलं, त्याला तो खडा दिसला. बाहेर येऊन त्यानं नानांना विचारलं, "काका, इथं मयत ठेवलं होतं म्हणे?"

"ठेवलं होतं की," नाना म्हणाले. "हौसावहिनी. गालिच्यावर. साहेबांना म्हणावं, उद्घाटन झालंय. आमच्या वहिनीनं केलं."

तुम्ही गाडीतून उतरला नाहीत. काच खाली केलीत, कुणाशी तरी बोललात, काच वर केलीत. गाडी वळली. अपशकुन झाला, असं तुमच्या लोकांनी आमच्या सरपंचाला सांगितलं. मग ते कुलूप पावसाळाभर तसंच राहिलं. दिवाळी झाली तरी तसंच. पुढं कधीतरी नवीन कोनशिला पलीकडच्या तोंडाला बसवली, गालिचा नवा आणला, आणि तुम्ही तिकडून फीत कापलीत, म्हणजे विसाव्यावर पाय पडायला नको. तोवर बायपासवर, त्याच नरड्यात, आमच्या गावातली आणखी माणसं तशीच गेली. सापुतारे मास्तरांची बाळंतपणाला निघालेली सून गेली, तिचं बाळ टेम्पोतच जन्मलं. तेही तुम्हाला माहीत नसेल.

आईच्या तेराव्याला सोनटक्के जेवायला आला. मी पंगतीत त्याच्यासमोर बसलो. भात कालवत तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "सकाळी फोन लावला होतास का साहेबांना?"

"नाही दादा."

"मग कानाला काय लावलं होतंस?"

"फोनच. पण नंबर लावला नव्हता. भीती वाटली."

"आणि दुपारी नाही वाटली?"

त्यानं नाक पुसलं. माझ्याकडं बघितलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. साधा, गोंधळलेला, एखाद्या पोराला चुकलेलं गणित पुन्हा विचारल्यावर होतो तसा.

"दुपारचं काही सांगितलेलं नव्हतं ना दादा," तो म्हणाला. "मला साहेबांनी सांगितलं होतं, कार्यक्रम होईपर्यंत एकही गाडी, एकही माणूस आत जाता कामा नये. मयताबद्दल कुणी काही बोललं नव्हतं."

शकूनं त्याच्या पानात वाढायला आणलेली पळी तशीच परत नेली.

एवढी वर्षं झाली. बायपास रुंद केला, आता तिथं आधीपेक्षा जास्त गाड्या अडकतात. सोनटक्के केव्हाच दुसऱ्या कामावर गेला. त्याच्यावर माझा राग आहे, पण मला त्याला काही विचारायचं उरलेलं नाही, त्यानं उत्तर दिलंय. ज्यानं त्याला तो हुकूम दिला त्यानं दिलेलं नाही. माणूस जिवंत असेपर्यंत आत येऊ द्यायचा नाही आणि मेला की दार उघडायचं, असा अर्थ निघेल इतका साधा हुकूम देताना तुमच्या डोक्यात कोण होतं? साहेब, फ्लेक्सवरून हसू नका. खाली बोरटाकळीत या, विसाव्यापाशी उभे राहा आणि सगळ्या गावासमोर सांगा. तुमच्या त्या हुकमात माझी आई माणूस होती की नव्हती?